भोकात चिखल का ओततात, आणि तो चिखल मोजायला नरसाळं कुठून आलं

कोयनेच्या खोल बोअरची बातमी आली की पाटणकडच्या माझ्या आतेभावाचा फोन येतोच. कराडला केंद्र सरकारची एक प्रयोगशाळा आहे, बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरी, आणि तिने २०१७ साली गोठणे गावाजवळ तीन किलोमीटर खोल भोक घेतलं, पुढे अजून खोल जाऊन भूकंप जिथे जन्मतो त्या खडकाजवळ यंत्रं ठेवायचा विचार आहे. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप ज्यांच्या घरात बोलला जातो त्या माणसांना या कामाबद्दल उत्सुकता असणारच. पण भावाचा प्रश्न भूकंपाचा नव्हता. तो म्हणाला, "दादा, एवढं खोल भोक पाडायचं, आतला खडक भायेर काढायचा, आन् परत त्यात चिखलच वतायचा, ह्ये काय गणित हाय?"

मी काही वर्षं रिगवर, खोल भोक पाडायच्या मोठ्या यंत्रावर, हेच काम केलंय, म्हंजे चिखल बनवायचा, तपासायचा आणि तो बिघडला की ओरडा खायचा. रिगवर त्याला मड म्हणतात आणि आमच्यासारख्याला मड इंजिनियर किंवा मड केमिस्ट. फोनवर अर्धा तास समजावलं तरी माझंच समाधान झालं नाही म्हणून इथे नीट लिहितोय.

आमच्या बोअरला तर चिखल नव्हता

हा पहिला आक्षेप, आणि बरोबर आहे. आपल्याकडे शेतात बोअर मारायला गाडी येते, कॉम्प्रेसर सुरू होतो, हॅमर काळ्या पत्थरावर ठोके घालतो आणि हवेच्या जोरावर भुकटी भसाभस वर येते, पाणी लागलं की फवारा उडतो आणि सगळे खूश. यात चिखल नाही कारण गरज नाही. आपला बेसॉल्ट कडक आहे, भोकाची भिंत स्वतःच्या जीवावर उभी राहते, आणि दोनशे-तीनशे फुटांवर वर उसळी मारणारा गॅसही नसतो.

पण हीच गाडी तापी-पूर्णेच्या गाळात नेली तर काय होईल? खाली माती, वाळू, गोटे. हॅमर मागे घेतला की भोक ढासळणार. म्हणून तिकडे रोटरी मशीन लावतात, गोल फिरणारं बिट, म्हंजे खडक कापणारं टोक, असतं आणि भोकात सतत मातीचं दाट पाणी फिरवतात. तेलाच्या विहिरीत हेच काम कितीतरी मोठ्या प्रमाणावर चालतं, आणि कोयनेच्या तीन किलोमीटरच्या भोकातसुद्धा मड वापरलं, इतकंच नाही तर त्या मडबरोबर वर येणारे वायूही तिथे सतत तपासले गेले, कारण खालच्या भेगांमधून काय झिरपतंय याची पहिली खबर मडच आणतं.

मडचा प्रवास असा. पंप त्याला पोकळ पाइपातून खाली ढकलतो, ते बिटच्या छिद्रांतून जोरात बाहेर पडतं, खडकाचे तुकडे उचलतं, पाइप आणि भोकाची भिंत यांच्या मधल्या फटीतून वर येतं, थरथरणाऱ्या चाळणीवर तुकडे वेगळे होतात आणि मड टाकीत जाऊन परत पंपात. दिवसरात्र हेच चक्र.

एका चिखलाला किती कामं

तुकडे वर आणायचे, बिट थंड ठेवायचं, भिंत ढासळू द्यायची नाही आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हंजे खडकात कोंडलेलं पाणी, तेल, गॅस दाबून ठेवायचं. कशाने दाबायचं? फक्त मडच्या वजनाने. भोकात उभा असलेला मडचा खांब खालच्या प्रेशरवर बसून राहतो, कुकरच्या शिट्टीवर वजन बसतं तसा. वजन कमी पडलं तर खालचा गॅस भोकात घुसतो, त्याला किक म्हणतात, आणि ती आवरली नाही तर ब्लोआउट. जानेवारी १९९५ मध्ये आंध्रातल्या पासरलापुडीला विहीर पेटली ती दोन महिन्यांहून जास्त जळत होती. आसाममध्ये बाघजानला २७ मे २०२० रोजी विहीर उसळली, ९ जूनला पेटली आणि पूर्ण शांत व्हायला नोव्हेंबर उजाडला. प्रत्येक ठिकाणी कारण वेगळं असतं, पण खालच्या प्रेशरवरचा वरचा हात सुटला की काय होतं ते या नावांवरून लक्षात येईल.

मग भरपूर जड करून टाका ना चिखल! तेही चालत नाही. फार जड झालं तर खडकच फुटतो आणि मड भेगांमध्ये गडप होतं, खांबाची उंची घटते आणि मग परत खालचा गॅस वर. म्हंजे एका बाजूला किक, दुसऱ्या बाजूला लॉस, आणि मधली वाट कधीकधी फार अरुंद असते. तसंच घट्टपणाचं. तुकडे उचलायला मड घट्ट हवं पण पंपाला ढकलता यायला पातळ हवं. मड तपासायची जी जी उपकरणं निघाली ती सगळी या अशा ओढाताणीतून निघाली, एकेका भांडणाला एकेक मोजमाप.

हाताने चोळून बघायचे दिवस

सुरुवातीला भोकात नुसतं पाणी पंप करत. १८८७ मध्ये अमेरिकेत चॅपमन नावाच्या माणसाने पेटंटच्या अर्जात लिहिलं की पाण्यात माती, कोंडा, धान्य, सिमेंट असं काहीतरी चिकट घाला म्हंजे भोकाच्या भिंतीवर लेप बसेल. कोंडा! आपल्याकडे भिंती लिंपायला शेणमातीत भुसा घालतात तीच अक्कल.

मग टेक्ससमधली स्पिंडलटॉपची विहीर, १० जानेवारी १९०१. तिथे वाळूचे थर भोक बुजवत होते, तेव्हा खोदणाऱ्या हॅमिल बंधूंनी खड्ड्यात पाणी सोडून त्यात गुरं फिरवली, खुरांनी चिखल तुडवून घेतला आणि तो भोकात सोडला असं सांगतात. विहीर लागली ती अशी की दिवसाला अंदाजे १ लाख बॅरल तेल आकाशात उडत होतं आणि नऊ दिवस कुणाला ती बंद करता आली नाही. भोक धरून ठेवण्यापुरता तो चिखल चांगला होता, दाबून ठेवण्यापुरता जड नव्हता.

जड करायची युक्ती १९२० च्या दशकात लुइझियानात स्ट्राउड याने काढली, आधी लोखंडाचा ऑक्साइड आणि मग बॅराइट. बॅराइट म्हंजे बेरियम सल्फेट, पोटाचा एक्सरे काढताना पाजतात तीच वस्तू, पाण्याच्या ४.२ पट जड आणि बाकी अगदी निरुपद्रवी, कशाशी भांडत नाही. याचा मोठा साठा आपल्या आंध्रात कडप्प्याजवळ मंगमपेटला आहे, आणि मड दाट करणारी बेंटोनाइट माती कच्छातून येते.

आता जड करता येऊ लागलं खरं, पण किती जड झालं हे कळायचं कसं? तोवर अनुभवी माणूस चाळणीवरचं मड ओंजळीत घ्यायचा, बोटांत चोळायचा, हातावरून कसं ओघळतं ते बघायचा आणि ठरवायचा. त्या माणसांबद्दल मला आदर आहे, पण त्यांच्या बोटांतलं ज्ञान दुसऱ्या रिगवर फोनने पाठवता येत नव्हतं, आणि पाळी बदलली की नवा माणूस म्हणायचा मला तर पातळ वाटतंय. माझ्या मते उपकरणांची खरी गरज इथे होती. अचूकपणा नंतर आला, आधी हवं होतं ते दोन माणसांचं एकमत.

तराजू

मड बॅलन्स हे पहिलं अवजार कुणालाही बघताक्षणी कळतं. धान्याच्या वखारीत जुना काटा असायचा, ज्याच्या दांडीवर वजन सरकवायचे, तसाच हा हातभर तराजू. एका टोकाला झाकणाचा पेला, दुसऱ्या टोकाला पक्कं बसवलेलं वजन, दांडीवर सरकता घोडा आणि गवंड्याच्या पाणसळीसारखा बुडबुडा. पेला काठोकाठ भरायचा, झाकण फिरवत दाबायचं, झाकणाच्या बारीक छिद्रातून जास्तीचं मड बाहेर आलं पाहिजे, ते पुसायचं, दांडी धारेवर ठेवायची आणि बुडबुडा मधोमध येईपर्यंत घोडा सरकवायचा. घोडा जिथे थांबला तो आकडा, म्हंजे मड पाण्याच्या किती पट जड ते. स्वच्छ पाण्याला १.०० आला पाहिजे, नाही आला तर तराजू बिघडलाय.

यात चूक किती महागात पडते बघा. पाण्याचा खांब १० मीटर उंच असेल तर तळाला साधारण १ किलो प्रेशर देतो, म्हंजे दर चौरस सेंटिमीटरवर १ किलो. विहीर ३००० मीटर खोल आणि मड १.२० चं, तर तळाला ३६० किलो. तुम्ही तराजूवर १.२० वाचलं आणि खरं होतं १.१५, तर खाली १५ किलो कमी. कारच्या टायरमधल्या हवेच्या सहा-सात पट प्रेशरची ही चूक आहे आणि तराजूवर ती घोड्याच्या बारीकशा सरकण्याएवढी दिसते.

एका रिगवर, नाव नको, रात्रपाळीत आमच्याकडून उलटी चूक झाली. वर येणाऱ्या मडमध्ये गॅसचे बारीक बुडबुडे होते, ताकावरच्या फेसासारखे. तराजूवर वजन १.१४ दिसलं, असायला हवं होतं १.२०. घाबरून पोत्यामागून पोती बॅराइट टाकलं. खरंतर गॅस वर येता येता फुगतो, अगदी वरच्या थोड्या मीटरमध्येच तो एवढी जागा खातो, तळाला मड पुरेसं जड होतंच. पहाटेपर्यंत ते इतकं जड झालं की खडकाने तोंड उघडलं आणि टाकीतली पातळी उतरायला लागली. दोन दिवस ते सावरण्यात गेले. फेस दाबून मोजणारा तराजू बाजारात होता, त्याच्यात एका पिचकारीसारख्या पंपाने पेल्यात दाबून मड भरतात म्हंजे बुडबुडे आक्रसतात आणि खरं वजन मिळतं. तो आमच्याकडे यायला त्या रात्रीची वाट बघावी लागली.

नरसाळं

आता भावाच्या सगळ्यात आवडत्या गोष्टीकडे येतो. १९३१ साली कॅलिफोर्नियातल्या हॅलन मार्श या इंजिनियरने मडचा घट्टपणा मोजायला चक्क एक नरसाळं सुचवलं. आज जगात कुठेही मार्श फनेल मागा, तेच मिळतं. वरचं तोंड ६ इंच, लांबी १२ इंच, खाली २ इंचाची नळी आणि तिचं भोक ३/१६ इंच, पेन्सिलीपेक्षाही बारीक. वर अर्ध्या तोंडावर जाळी, मोठे तुकडे अडकावेत म्हणून. खाली बोट लावायचं, १५०० मिली मड ओतायचं, बोट काढायचं आणि ९४६ मिली, म्हंजे अमेरिकी एक क्वार्ट, खालच्या मगमध्ये पडायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. साध्या पाण्याला २६ सेकंद लागतात. मडला ४०, ५०, ६० असे काही.

घरात ताक आणि आंबील एकाच नरसाळ्यातून बाटलीत ओतून बघा, फरक हाताला नाही तर घड्याळाला कळेल. एवढंच आहे हे.

शास्त्रज्ञ माणसं यावर नाक मुरडतात आणि त्यांचं म्हणणं बरोबर आहे. नरसाळं रिकामं होत जातं तसा प्रवाहाचा जोर कमी होतो, त्यामुळे हा एकच आकडा बऱ्याच गोष्टींची खिचडी असतो, आणि ४५ सेकंदवाली दोन मडं भोकात अगदी वेगळी वागू शकतात. मग ९० वर्षांहून जास्त काळ हे टिकलं का? कारण रात्री तीन वाजता, पावसात, हातमोजे घातलेला डेरिकवरचा, म्हंजे रिगच्या मनोऱ्यावरचा, माणूससुद्धा ते एका मिनिटात करू शकतो, वीज लागत नाही, आणि तासाभरापूर्वी ४५ होते आता ५८ झाले एवढं कळलं तरी पुरतं, काहीतरी बदललंय आणि मड इंजिनियरला उठवायला हवं. नरसाळं निदान करत नाही. आई कपाळाला हात लावून ताप आहे म्हणते, तसं ते आहे.

पिठलं थिजतं ते कसं मोजायचं

पाणी किंवा रॉकेल कसंही ढवळा, घट्टपणा तोच राहतो. मडचं तसं नाही. गरम पिठलं कढईत ढवळताना सैल असतं, ताटात पाच मिनिटं राहिलं की थिजतं, परत चमच्याने मोडलं की हलतं. मडने नेमकं असंच वागावं अशी आपली इच्छा असते. पंप चालू असताना सैल वाहावं, आणि पंप बंद पडला तर थिजून खडकाचे तुकडे जागच्या जागी धरून ठेवावेत, नाहीतर ते सगळे खाली बसून पाइप अडकवतील.

युजीन बिंगहॅम या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने १९१६ च्या सुमारास अशा पदार्थांचा हिशेब मांडला होता. तो म्हणाला की यांना दोन आकडे हवेत. एक, हलायला सुरुवात करण्यासाठी लागणारा धक्का. दोन, एकदा हलल्यावर होणारं घासणं. पहिल्याला यील्ड पॉइंट म्हणतात, दुसऱ्याला प्लॅस्टिक व्हिस्कॉसिटी, मी पुढे धक्का आणि घासणं एवढंच म्हणतो.

हे दोन वेगळे काढायला नरसाळं कामाचं नाही. आधी रंगाच्या कारखान्यातलं स्टॉर्मर नावाचं यंत्र उसनं घेतलं होतं, त्यात वजन लटकवून एक लोलक मडमध्ये फिरवायचे. मग १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ते यंत्र आलं जे आजही प्रत्येक मड लॅबच्या टेबलावर असतं, फॅन व्हिस्कोमीटर. ह्यूस्टनच्या जॉर्ज फॅन यांचं नाव त्याला चिकटलं. एक बाहेरची नळी मडमध्ये गोल फिरते, तिच्या आत एक दट्ट्या स्प्रिंगला टांगलेला असतो, आणि फिरणारं मड त्या दट्ट्याला किती पिळतं ते वर तबकडीवर दिसतं.

यातली हुशारी मला अजूनही आवडते. नळीचा व्यास, दट्ट्याची लांबी, स्प्रिंगचा ताण आणि फिरण्याचा वेग हे सगळं असं निवडलं की गणित फक्त वजाबाकीचं उरलं. मिनिटाला ६०० फेऱ्यांना आकडा घ्या, ३०० फेऱ्यांना घ्या, वजा करा, आलं घासणं. ३०० च्या आकड्यातून ते घासणं वजा करा, आला धक्का. समजा ६०० ला ६० आणि ३०० ला ३८, तर घासणं २२ आणि धक्का १६. बस. ज्या काळात रिगवर कॅल्क्युलेटर नव्हते त्या काळात प्रयोगशाळेतलं शास्त्र शेडमध्ये आणणं याला मी मोठी कामगिरी मानतो.

आणि हे आकडे औषध सांगतात. घासणं वाढलंय म्हंजे मडमध्ये बारीक खडकाची पूड जास्त झालीय, चाळण्या बघा, पाणी घाला. धक्का वाढलाय म्हंजे मातीचे कण एकमेकांना धरून बसलेत, रसायन घाला. नरसाळ्यावर दोन्ही वेळेला फक्त ५८ सेकंद दिसले असते! थिजणं मोजायला हेच यंत्र १० सेकंद आणि १० मिनिटं शांत ठेवतात आणि मग हळूच ३ फेऱ्यांना सुरू करतात, काटा किती वर जाऊन कोसळतो ते बघतात. १० मिनिटांचा आकडा फार मोठा आला तर भीती वाटायला हवी, कारण मग पंप परत सुरू करताना ते थिजलेलं मड हलवायला एवढा जोर लागेल की तोच जोर खडक फोडेल.

श्रीखंडाचा चक्का

दही फडक्यात बांधून टांगलं की पाणी गळतं आणि फडक्याला चक्का लागतो. भोकाची सच्छिद्र भिंत म्हंजे फडकं, मड म्हंजे दही. मडमधलं पाणी खडकात झिरपतं आणि भिंतीवर मातीचा चक्का बसतो. श्रीखंडाला चक्का जाड हवा, आपल्याला इथे पातळ आणि चिवट हवा, सारवलेल्या जमिनीच्या पापुद्र्यासारखा. जाड झाला तर पाइप त्यात रुततो, आणि पाणी फार झिरपलं तर तेलाचा थर खराब होतो, काही शेल खडक तर ओले झाले की फुगून गळूनच पडतात.

म्हणून १९३० च्या दशकात फिल्टर प्रेस आली. एका बंद डब्यात खाली ठरावीक कागद, वर मड, त्यावर ७ किलो हवेचं किंवा गॅसचं प्रेशर, ३० मिनिटं. खाली किती मिली पाणी पडलं ते मोजायचं आणि कागद काढून चक्क्याची जाडी बघायची. ३० मिनिटंच का, ७ किलोच का? निसर्गाचा तसा नियम नाही, सगळ्यांनी तेच धरायचं असं ठरलं म्हणून. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने या चाचण्या मानक म्हणून लिहून काढल्या आणि त्यामुळेच मुंबई हायच्या रिगवरचा आणि टेक्ससमधला आकडा शेजारी शेजारी ठेवता येतो. घाई असेल तर साडेसात मिनिटांचं पाणी मोजून दुप्पट करतात, कारण चक्का बसत जातो तसं गळणं मंदावतं आणि चौपट वेळात पाणी दुप्पटच पडतं.

बाकीची उपकरणं थोडक्यात. वाळू मोजायची काचनळी आणि बारीक चाळणी असते, कारण वाळू पंपाचे लायनर खाते. रिटॉर्ट नावाची चिमुकली भट्टी असते, तिच्यात १० मिली मड जाळून पाणी किती, तेल किती आणि मागे उरलेली माती किती ते अलग करतात, अत्तरवाले अर्क काढतात त्याच पद्धतीने. निळ्या रंगाची एक चाचणी आहे, कागदावर थेंब टाकत जायचं, थेंबाभोवती निळी प्रभावळ पसरली की मडमधल्या मातीचं रंग शोषून घेऊन पोट भरलं. आणि मिठाची चाचणी, जी कॉलेजातल्या केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलसारखी सिल्व्हर नायट्रेटने होते. मीठ अचानक वाढलं तर खालून खारं पाणी घुसतंय किंवा आपण मिठाच्या थरात शिरलोय. वजनाचा काटा हलायच्या आधी कधीकधी ही बातमी मिठातून मिळते.

वर मोजलेलं खाली खरं असतं का?

हा सगळ्यात चांगला आक्षेप, आणि मला तो एका बारावीच्या मुलीने विचारला होता. तुम्ही वर शेडमध्ये मोजता, खाली तर उकळतंय आणि प्रचंड दाब आहे, मग?

खरंय. खाली उष्णतेने मड पातळ होतं, किंवा बेंटोनाइटचं मड गरम जागी पडून राहिलं तर दगडासारखं थिजतं. त्यामुळे उपकरणंही हळूहळू खालची परिस्थिती वर आणू लागली. मड स्टीलच्या बंद नळकांड्यात भरून गरम भट्टीत १६ तास लोळवतात, म्हंजे ते भोकात मुरल्यासारखं होतं, आणि मग फॅन व्हिस्कोमीटरवर लावतात. फिल्टर प्रेसचा मोठा भाऊ आला, जो १५० डिग्रीच्या आसपास आणि ३५ किलोच्या फरकाने गाळतो. आणि शेवटी प्रेशर मोजणारं यंत्रच बिटच्या मागे पाइपात बसवून खाली पाठवलं. ते आपला आकडा वर कसा पाठवतं? मडमधूनच! यंत्र मडच्या प्रवाहात बारीक अडथळे निर्माण करतं, प्रेशरचे ठोके मडच्या खांबातून वर येतात आणि वरचा सेन्सर ते नाडीसारखे वाचतो.

त्या यंत्रामुळे एक जुनी गोष्ट आकड्यात दिसली. पंप चालू असताना वर चढणारं मड भिंतीला घासतं आणि त्या घासण्याचंही प्रेशर तळाला लागतं. तराजू १.२० म्हणतो पण तळाला १.२५ असल्यासारखं वाटतं. पंप बंद केला की हा वाढीव ०.०५ क्षणात नाहीसा. म्हणून पाइप जोडायला पंप थांबवतात तेव्हाच किक यायची शक्यता जास्त, आणि म्हणून तेव्हा टाकीच्या पातळीवरून डोळा हटवायचा नसतो.

आता सेन्सर आहेत, मग माणूस कशाला?

पूर्ण मड तपासणी दिवसातून तीन-चार वेळा होते, वजन आणि नरसाळं तेवढं दर पाऊण-एक तासाने किंवा त्याआधी. मधल्या वेळात काय शिजतंय ते कुणाला दिसत नाही, म्हणून सतत मोजणारी यंत्रं यायलाच हवीत आणि येतायत. वजनासाठी कंप पावणारी नळी वापरतात. जलतरंगात ज्या वाटीत पाणी जास्त तिचा सूर खाली येतो, तसंच या नळीतून जड मड गेलं की तिचं कंपन मंदावतं आणि त्यावरून वजन निघतं. घट्टपणासाठी मड वेगवेगळ्या गतीने एका लांब नळीतून सोडतात आणि दोन टोकांच्या प्रेशरमधला फरक बघतात.

अडचण मडच्या स्वभावाची आहे. बॅराइट कोपऱ्यात साचतं, चक्का नळीच्या आत बसतो, तुकडे अडकतात. आठवडाभर सुंदर आलेख काढणारा सेन्सर आतून लिंपला गेला तरी तितकाच सुंदर आलेख काढत राहतो. त्यामुळे त्याला रोज त्या जुन्या तराजूसमोर उभं करावं लागतं.

आणि दुसरी गोष्ट वाचण्याची. २० एप्रिल २०१० ला मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर हॉरायझन रिगचा स्फोट झाला, ११ माणसं गेली. त्या संध्याकाळी विहीर पूर्ण झाली समजून जड मड काढून त्याजागी हलकं समुद्राचं पाणी भरत होते. त्याआधी विहीर नीट बंद झालीय का बघायच्या चाचणीत ड्रिल पाइपवरचा काटा १४०० पीएसआय दाखवत होता, म्हंजे जवळपास ९८ किलो, जिथे शून्य हवं होतं. दुसऱ्या एका लाइनवर शून्य होतं. दोनपैकी कुठला काटा खरा यावर चर्चा झाली आणि सोयीचा तो खरा मानला गेला. नंतर बाहेर येणारं द्रव काही वेळ प्रवाहमापकाला वळसा घालून थेट समुद्रात सोडत होते, त्यामुळे जास्त येतंय हेही त्या मापकावर दिसायला वाव राहिला नाही. हे वाचलं तेव्हा मला झोप आली नव्हती, कारण यंत्राने सांगितलं होतं.

चिखल समुद्रात सोडला तर मासे मरत नाहीत का?

भाऊ शेतकरी आहे त्यामुळे त्याने हेही विचारलं. मडमध्ये काय आहे त्यावर उत्तर अवलंबून. पाणी, बेंटोनाइट, बॅराइट एवढंच असेल तर फारसं विषारी नाही, पण काही रसायनं आणि डिझेलसारखी तेलं नक्कीच घातक. यासाठीची चाचणी उपकरणाने होत नाही, जिवंत प्राण्यांवर होते. कोळंबीसारखे दिसणारे मायसिड नावाचे चिमुकले जीव मड मिसळलेल्या समुद्राच्या पाण्यात ९६ तास ठेवतात आणि किती जगले ते मोजतात. अमेरिकेच्या नियमात अशी मर्यादा आहे आणि आपल्याकडच्या समुद्री ड्रिलिंगच्या नियमांतही ९६ तासांची तशीच अट आहे. जमिनीवर वरच्या गोड्या पाण्याच्या थरासाठी आधी स्टीलची केसिंग, म्हंजे भोकाला आतून लावायचा पाइप, उतरवून सिमेंट करतात आणि मगच पुढचं मड. सिमेंट नीट बसलं का, याची तपासणी मागायचा हक्क आसपासच्या गावाला असला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आणि हे सगळं बघायला समुद्रात जायची गरज नाही. मेट्रोच्या किंवा पुलाच्या खांबासाठी खोल पाइल खोदतात तिथे मऊ मातीत भोक ढासळू नये म्हणून हेच बेंटोनाइटचं पाणी भरतात, आणि काँक्रीट ओतायच्या आधी त्याचं वजन, वाळू आणि घट्टपणा तपासतात. पुण्या-मुंबईत अशा साइटवरून जाताना पत्र्याच्या आडून डोकवा, करड्या पाण्याच्या टाकीशेजारी खिळ्याला अडकवलेलं एक लांबट नरसाळं आणि हातात मोबाइलचं स्टॉपवॉच घेतलेला एखादा पोरगा दिसेल. थांबून विचारा त्याला, किती सेकंद आले. भावाने मागच्या महिन्यात कराडच्या पुलाजवळ विचारले, आणि मला फोन करून सांगितलं, "दादा, अडतीस."